बारा प्रश्नांचा वाढदिवस

आईच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाची प्रश्नपत्रिका पंधरा दिवस आधीच तयार झाली होती. बारा प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ सकाळी नऊ ते दुपारी एक. मधे खाण्याची सुट्टी नव्हती, कारण खाणं हाच अभ्यासक्रम होता.

प्रश्न काढले होते थोरल्या मुलीने. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला घरात सगळे, तिच्या नवऱ्यासकट, मास्तरीणबाई म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने चौतिसाचे पस्तीस एकदाही केले नव्हते. स्वतःच्या भावाला तिने सातवीत नापास केलं होतं आणि त्या संध्याकाळी त्याच्याच शेजारी बसून जेवली होती.

उत्तरं मात्र तिला ठाऊक नव्हती. आई लग्न होऊन आपल्या जन्मगावातून गेली ती चोविसाव्या वर्षी, आणि मुलांनी गाव पाहिलं ते धावतपळत दोनचारदा. आईच्या लहानपणच्या गोष्टींचा जिवंत साक्षीदार एकच उरला होता, तो म्हणजे मामा. आईपेक्षा तीन वर्षांनी लहान, तिथेच जन्मलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला आणि पन्नास वर्षं एकाच रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करत बसलेला. मास्तरीणबाईने एका शनिवारी त्याला फोन केला. मामाने बाराही उत्तरं पटापट सांगितली, कुठे अडखळला नाही. तिने ती चौकटीच्या वहीत लाल शाईने उतरवून घेतली. उत्तरपत्रिका इतकी स्वच्छ होती की ती तपासून पाहावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

हे सगळं झालं दुधापायी. तीन महिन्यांपूर्वी आईने दूध तापत ठेवलं, वर्तमानपत्र आणायला खाली उतरली आणि जिन्यात शेजारणीशी बोलत उभी राहिली ती पाऊण तास. पातेल्याचा कोळसा झाला, धूर खिडकीबाहेर गेला, कुणीतरी कळवलं आणि अग्निशामक दलाचे चार जवान शिडी घेऊन आले. नुकसान म्हणाल तर एक पातेलं आणि आईची पत. पातेलं दुसऱ्या दिवशी नवीन आलं.

धाकटा मुलगा विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचा, म्हणून तो विमेवाला. त्याने या प्रकाराला पहिल्या दिवसापासून ‘घटना’ म्हटलं. घटना कधी एकटी येत नाही, मागून तिची भावंडं येतात, असं त्याचं मत होतं. भावाबहिणीत ठरलं ते असं: आईला तिच्या जन्मगावी न्यायचं, रस्त्यावरून हिंडवायचं, तिला आवडायचं ते खाऊ घालायचं आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं. बारापैकी आठ आले तर आई तिच्या घरी एकटी राहायला मोकळी. आठाच्या खाली गेली तर तिने विमेवाल्याकडे राहायला यायचं. तेही नको असेल तर त्याच्या पिशवीत एका संस्थेची माहितीपुस्तिका होती. मुखपृष्ठावर बाग होती, बागेत बाक होता, आणि बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या कुठेतरी तिसरीकडेच बघत होत्या.

आईने पास व्हावं असं मनापासून वाटणारी व्यक्ती घरात एकच होती: सूनबाई. ती लहान मुलींचे कपडे शिवायची. आई राहायला आली की शिवणाची खोली जाणार, हे तिला नकाशा न काढताही दिसत होतं. त्यामुळे बसमध्ये नवऱ्याचा डोळा लागल्याबरोबर ती सासूच्या कानाशी लागली.

“आई, आज जरा लक्ष देऊन बोला हं. नाहीतर एकटं राहणं संपलं, मग आमच्याकडे किंवा यांच्या पिशवीतल्या पुस्तिकेतल्या संस्थेत.”

आईने समोरच्या सीटवरच्या लेकीच्या मांडीवर चौकटीची वही पाहिली. ती वही तिच्या ओळखीची होती. तीत आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं. मग ती गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

मामा बसथांब्यावर वेळेच्या अर्धा तास आधी येऊन उभा होता. इस्त्रीचा सदरा, दाढी घोटून केलेली, चेहऱ्यावर हसू. त्याने अक्काला, म्हणजे आईला, जवळ घेतलं. विमेवाल्याला विचारलं, “काय रे, अभ्यास कसा चाललाय?” सगळे हसले. हा मामाचा जुनाच विनोद, असं प्रत्येकाला वाटलं. तो पहिल्यांदा कधी ऐकला, हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

विमेवाला छत्री बसमध्ये विसरून उतरला. त्याची वहीत नोंद झाली नाही.

रस्ता जागाच होता. भाजीची गाडी रिकामी होत होती, सुऱ्यांना धार लावणारा चाकावर ठिणग्या उडवत होता, फुटपाथवर एक न्हावी गिऱ्हाइकाची मान वाकवून गावाच्या बातम्या त्याच्या कानात ओतत होता. पहिल्याच वळणावर मामाने गरम पाव आणि लोणी घेतलं. आईने पहिला घास तोंडात घातला, तोच लेकीने परीक्षागृहातल्या आवाजात विचारलं, की आई, तुझ्या लहानपणी पावाची भट्टी कुठे होती गं?

आईने घास गिळला. लग्नाआधी चार वर्षं ती इथल्या टपाल कचेरीत पत्रं लावायची. भिंतीएवढी लाकडी मांडणी, तिच्यात बत्तीस खण, आणि पोस्टमन ज्या क्रमाने चालत जायचा त्याच क्रमाने खण. गावातला रस्ता तिला डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त ठाऊक होता. आताही तिचा उजवा हात लोण्याच्या कागदासकट नकळत वर गेला आणि हवेतल्या मांडणीत तिसऱ्या ओळीवर थांबला. न्हावी, भट्टी, मग पाण्याचा पंप.

“डाव्या अंगाला. पंपाच्या अलीकडे.”

तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. लाल शाई म्हणत होती: उजवीकडे, औषधाच्या दुकानाला लागून. मास्तरीणबाईने मामाकडे पाहिलं. मामाने समजुतीने मान हलवली. ती हलवण्याची पद्धत इतकी मायेची होती की तिने पेन्सिलीने शून्य काढताना वही छातीशी धरली.

पुढे भाजलेल्या कणसाबरोबर दुसरा प्रश्न आला, उकडलेल्या शेंगांबरोबर तिसरा. छत्र्या दुरुस्त करणारा कुठे बसायचा? आई म्हणाली टपाल कचेरीच्या पायरीवर. चूक. शेवटचं घर कुणाचं? आई म्हणाली बँड वाजवणाऱ्याचं, बत्तिसावा खण, त्याला दर महिन्याला बहिणीचं पत्र यायचं. चूक, तिथे सुतार होता. दर उत्तराला मामा हळूच हसून म्हणायचा, अगं नाही अक्का, असं कसं, आणि मुलं एकमेकांकडे बघायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलणार कुणाला.

विमेवाल्याला वाटलं होतं की आपण बरोबर ठरलो की हायसं वाटेल. तसं वाटेना. परक्याचा दावा खोटा निघाला की त्याला जेवण गोड लागायचं. इथे कणीस हातात गार होत चाललं होतं आणि पिशवीतली पुस्तिका, चार पानांची, विटेसारखी जड लागत होती.

आईला चव कशाचीच लागेना. तोंडात घास आणि समोर प्रश्न, अशी वेळ शत्रूवरही येऊ नये. पहिल्या तीन चुकांना ती मनात म्हणाली, यांचंच काहीतरी चुकतंय. पाचव्या चुकीला तिला तसं म्हणवेना. डोक्यातली मांडणी तर लख्ख दिसत होती, एकेक खण भरलेला. पण ज्याचं डोकं जातं त्याला आपलं डोकं लख्खच दिसत असणार. नाहीतर ते गेलं हे त्याला कळलं नसतं का? तिने चालता चालता सूनबाईचा दंड धरला. सूनबाईने त्या हातावर आपला हात ठेवला आणि त्या क्षणापुरती ती शिवणाची खोली विसरली.

आठवा प्रश्न तळलेल्या मासळीच्या गाडीपाशी आला. कढईत तेल चुरचुरत होतं, कागदाच्या पुड्या हातोहात जात होत्या. मास्तरीणबाईने विचारलं, की पंपावर पडून हनुवटीला टाके पडले होते ते कुणाला?

“याला,” आई म्हणाली. “सात वर्षांचा होता. मी पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेला. तीन टाके. ओरडला नाही, माझा कान मात्र चावला.”

“घ्या. विसरली,” मामा हसत म्हणाला. “मी कुठला? तू पडलीस. चांगले चार टाके पडले.”

आणि बोलताना त्याचं बोट स्वतःच्या हनुवटीखाली गेलं आणि तिथे मागेपुढे फिरत राहिलं.

आईच्या हातातली पुडी कलंडली. तिने त्या बोटाकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांकडे. डोळे स्वच्छ होते, प्रेमळ होते आणि त्यांच्यात खोटेपणाचा मागमूस नव्हता. तिला आधी आठवला तो स्वतःचा कान. मग तिला अगदी निर्लज्जपणे हायसं वाटलं. आणि ते वाटून पुरतं होण्याआधीच तिने पुडी सूनबाईकडे दिली आणि भावाचा हात धरला.

उरलेल्या चार प्रश्नांत तिला दोन बरोबर आले. शाळा कुठे आणि दवाखाना कुठे. दोन्ही आपापल्या जागी होते आणि दोन्हींवर पाट्या होत्या.

निकाल मामाच्या दुकानात लागायचा होता. दहा पावलांचं दुकान, भिंतीभर घड्याळं, सगळी एकाच वेळेवर, काट्यालाही काट्याचा राग येणार नाही इतकी. मागे लहानसं स्वयंपाकघर, वर दोन खोल्यांची माडी. सूनबाईने केक टेबलावर ठेवला. मामाने अक्काच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं, ते दोन मिनिटं मागे पडतं म्हणाला आणि दिवा ओढून, डोळ्याला भिंग लावून कामाला बसला. त्याच्या बोटांकडे पाहत राहावं. कुठला स्क्रू कुठे, हे बोटांना कुणाला विचारावं लागत नव्हतं.

आई चहा टाकायला आत गेली.

मास्तरीणबाई बेरीज करत होती. दोनाची बेरीज करायला वेळ लागू नये, पण ती पुन्हा पुन्हा करत होती. दिव्याच्या उजेडात मामाची मान वर झाली आणि सूनबाईने सहज विचारलं, मामा, ही खूण कसली हो? मामाने हनुवटी चाचपली आणि वस्तऱ्याची असेल म्हणाला.

वस्तरा सरळ कापतो. मास्तरीणबाई पुढे वाकली. एक जुनी पांढरी रेघ होती आणि तिला आडव्या छेदणाऱ्या बारीक रेघा. तिने त्या मोजल्या. मग सवयीने उलट्या बाजूने मोजल्या. तीन.

आईची हनुवटी तिला डोळे मिटूनही दिसत होती. तिच्यावर काही नव्हतं.

ती उठून मागच्या खिडकीपाशी गेली, उगीच, वारा घ्यायला. तिथून पलीकडच्या ओळीची पाठ दिसत होती. मोबाइलच्या दुकानाच्या मागून विटांचं एक जाडजूड, काजळी धरलेलं धुराडं वर आलं होतं. मोबाइल विकायला धुराडं लागत नाही. तिने वही उघडली आणि लाल शाईच्या बारा ओळींकडे पाहत राहिली. हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण तपासायची ती पत्रिका आज पहिल्यांदा समोर आली होती.

आत आईने कपाट उघडलं, साखरेसाठी. कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. मामाचं रेखीव अक्षर. ‘गॅस बंद केला? परत बघ.’ ‘दुपारी जेवलास का? ताट धुतलेलं असेल तर जेवलास.’ फोनच्या वर एक: ‘भाचीचा फोन. जुन्या गोष्टी विचारते. पटापट बोलायचं.’ आणि तिच्याखाली, कालच्याच तारखेची: ‘उद्या अक्काचा वाढदिवस. एकाहत्तर. बसथांबा नऊ वाजता. हसत राहायचं.’

मागे पावलं वाजली. मामा दारात उभा होता. त्याने पुढे होऊन शेवटच्या चिठ्ठीवर तळवा ठेवला, शाळेत शेजारच्याने बघू नये म्हणून ठेवतात तसा.

“गिऱ्हाइकांच्या वेळा लिहून ठेवतो,” तो म्हणाला.

“चांगली सवय आहे.”

चहाला उकळी आली. दोघांनी एकदम हात पुढे केला आणि गॅस तिने बंद केला.

“यांना सांगू नकोस, अक्का.”

आईने कपबशा मांडल्या. पत्र हातात आलं की दोन क्षणांत खण ठरवायचा, ही तिची चार वर्षांची सवय. तिने आपल्या मुलांकडे, आपल्या भावाकडे आणि स्वतःकडे एकेक पत्र पाहावं तसं पाहिलं. आपण पास झालो तर संध्याकाळच्या बसने आपल्या घरी जाऊ, आपल्या किल्लीने आपलं दार उघडू. आणि हा इथे चिठ्ठ्या वाचत राहील, एक दिवस चिठ्ठ्या वाचायच्या असतात हेच विसरेपर्यंत. त्याचं खरं सांगितलं तर विमेवाला सोमवारच्या आत सगळं मार्गी लावेल, प्रेमाने, तीन प्रतींत. तिच्यासाठी निदान एक शिवणाची खोली होती. त्याच्यासाठी फक्त पुस्तिका होती.

ती चहा घेऊन बाहेर आली.

केक कापला गेला. विमेवाल्याने घसा खाकरला. त्याने रात्रभर तयार केलेलं भाषण सुरू केलं, त्यात ‘तुझ्याच काळजीपोटी’ तीनदा आलं आणि ‘वय’ एकदाही आलं नाही. सारांश असा, की आईने यापुढे एकटीने राहू नये.

“बरोबर आहे,” आई म्हणाली.

विमेवाल्याची पुढची दोन पानं वाया गेली.

“मलाही आताशा भरवसा वाटत नाही. आज तुम्ही बघितलंच. मी एकटी राहणार नाही. मी इथं राहणार, माडीवर.” मग तिने भावाकडे तोंड वळवलं. “या लोकांचं म्हणणं आहे, माझं डोकं ठिकाणावर नाही. तू सांभाळशील ना मला?”

मामा भिंग कपाळावर सारून उभा राहिला. सकाळपासून चेहऱ्यावर धरून ठेवलेलं हसू पहिल्यांदाच खाली उतरलं आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. तो जरा ताठ झाला.

“सांभाळीन की,” तो म्हणाला. “मी नाही तर कोण?”

विमेवाल्याला हे कुठल्याच कलमात बसवता येईना. मामावर कशाला भार, तो म्हणाला. त्याचंही वय आहे, दोघंच जण, रात्रीबेरात्री काही घटना झाली तर. सूनबाईने त्याला आजवर चारचौघांत कधी तोडलं नव्हतं, पण आज ती मधेच म्हणाली की इथली हवा छान आहे, माणसं बोलकी आहेत, आईंना करमेल. शिवाय ती स्वतः महिन्यातून दोनदा येऊन राहील. हे शेवटचं आपण बोललो याचं तिलाच आश्चर्य वाटलं. विमेवाल्याने हुकमाचं पान काढलं. तो बहिणीकडे वळला.

“ताई, तू सांग. गुण किती पडले?”

दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली.

मास्तरीणबाईने वही उघडली. पेन्सिलीची दहा शून्यं होती. त्यातलं एकही शून्य खरं नव्हतं, हे आता तिला त्रैराशिकासारखं स्पष्ट दिसत होतं. आईला बारापैकी बारा होते. हे एक वाक्य बोललं की आई मोकळी होणार होती, आपल्या घरी, आपल्या दुधापाशी. तिने मान वर केली. आई तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत विनंती नव्हती. चौथीच्या वर्गात लेक पाढे म्हणताना अडली की आई पलीकडच्या खिडकीतून जशी बघायची, तशी ती बघत होती: तुला येतंय, म्हण.

मास्तरीणबाईने मामाच्या हनुवटीकडे एकदा पाहिलं आणि वही मिटली.

“दोन,” ती म्हणाली. “नापास.”

तिचा आवाज चिरकला. विमेवाल्याला वाटलं, दुःखाने. त्याने पिशवीतून पुस्तिका काढली, तिची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं.

आईने पाव मागितला. सकाळचा एक उरला होता, गार झालेला. तिने तो लोणी लावून सावकाश खाल्ला, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत, आणि पावात मीठ जास्त आहे म्हणाली. पहिल्यापासूनच जास्त असायचं. चव लागायला लागली होती.

निघायच्या गडबडीत मामा कुठे दिसेना. आई त्याला बघायला आत गेली. तो कपाटाच्या दाराशी उभा होता, पेन हातात. नवी चिठ्ठी त्याने बाकी सगळ्या चिठ्ठ्यांच्या वर, डोळ्यांच्या रेषेत लावली होती.

‘अक्का आता इथेच राहते. तिला आठवत नाही. तिच्याकडे लक्ष ठेवायचं.’

आईने ती दोनदा वाचली.

“अक्षर छान आहे तुझं,” ती म्हणाली. मग हात वर करून चिठ्ठीचा सुटलेला कोपरा तिने अंगठ्याने नीट दाबला.